हौसेपुरतं सोल्डरिंग स्टेशन

दसरा झाला की आमच्या झेरॉक्सच्या दुकानात आधार कार्डांची गर्दी होते. ऊसतोडीचे मुकादम आपापल्या टोळीतल्या माणसांची कार्डं रबर लावून गठ्ठ्यानं आणतात. काचेवर एकेक कार्ड पालथं घालायचं, झाकण दाबायचं, उजेड सरकून जाऊ द्यायचा. बाहेर शिरूर कासारचा बाजार फुललेला असतो. नवे कोयते, ताडपत्र्या, पाण्याचे कॅन, पोरांच्या कानटोप्या. मग एका सकाळी ट्रॅक्टर निघतात आणि गर्दी संपते. दुसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीवर पाटी लागते, गिरणी एक दिवसाआड चालू राहील. हंगाम सुरू झाला हे आम्हाला त्या पाटीवरून कळतं.

यंदाही गठ्ठे आले. कार्डांवरचे चेहरे काचेवर उलटे पडत होते आणि मला काही वर्षांपूर्वीचा एक हंगाम आठवत होता. त्या वर्षी अशाच एका गठ्ठ्यात माझ्या आत्याचं कार्ड जायचं की नाही, यावर आमच्या घरात सगळा पावसाळा वाद चालला होता. वादाच्या मुळाशी होतं एक सोल्डरिंग स्टेशन. विटेएवढी निळी पेटी, तिला एक फिरवायची कळ, एक लवचिक तार आणि तारेच्या टोकाला पेनासारखी धरायची दांडी.

कौसाआत्या ही अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, धाकटी बहीण. शिरूरहून चालत जाता येईल एवढ्या अंतरावरच्या वाडीत तिचं घर. लग्न झालं त्या वर्षापासून ती ऊसतोडीला जात आली. आधी नवऱ्याबरोबर. तो वारल्यावर मुलगा गणेश आणि सून यांच्याबरोबर, पण हिशेबात अर्धा कोयता म्हणून. नवरा-बायको मिळून एक कोयता आणि एकटं माणूस अर्धा, अशी ती मोजणी. माणसाला अवजाराच्या नावानं मोजायचं आणि एकट्या बाईला अर्धं मोजायचं, याच्यावर मी शाळेत होते तेव्हापासून भाषणं ठोकत आले आहे. आत्याला त्यात फार राम वाटायचा नाही. "अर्धा तर अर्धा," ती म्हणायची. "ऊस मातर अख्खाच तोडावा लागतो बग."

भाषणं ठोकण्याची सवय मला घरातूनच लागली. अण्णांच्या दुकानात झेरॉक्सच्या आधी छपाईचं यंत्र होतं आणि तालुक्यातल्या प्रत्येक मोर्चाचं पत्रक त्यावरच निघायचं. शाई फिसकटलेली पत्रकं घरी यायची. त्यांच्या पाठीवर मी अक्षरं गिरवली, त्यांच्या पोटातून वाचायला शिकले. इतर मुलांना बडबडगीतं पाठ होती तेव्हा मला 'मागण्या खालीलप्रमाणे' पाठ होतं. आज तीच पत्रकं मी लिहिते. पत्रकात कारण लागतं, मागणी लागते आणि खाली सह्या लागतात. कारणाशिवाय काही मागता येतं, हे मला त्या हंगामापर्यंत कोणी सांगितलं नव्हतं.

आत्याची ओढ सुरू झाली ती कारखान्याच्या पट्ट्यात, कोपीवर. उसाच्या पाचटाच्या त्या खोपटात तिच्याकडे बॅटरी आणि रेडिओ एकाच डब्यात असलेला एक स्वस्त सेट होता. तो बंद पडला. तिनं मागचे स्क्रू विळ्याच्या टोकानं काढले तेव्हा आत एक लाल तार सुटून लोंबत होती. "खिळा चुलीत लाल केला," ती सांगायची, "आन तार जिथनं निघाली तिथं टेकवला. ते चांदीवाणी पघळलं, तार आत बसली. आन लागला की गं बोलायला!" हे ती इतक्या वेळा सांगायची की गणेश तिच्याआधी शेवटचं वाक्य म्हणून टाकायचा. पण सांगताना दरवेळी तिचा अंगठा आणि बोट खिळा धरल्यासारखं जवळ यायचं.

त्या उन्हाळ्यात टोळ्या परत आल्या आणि आत्या दुसऱ्याच दिवशी एक पिशवी घेऊन दुकानात हजर. पिशवीत मेलेल्या वस्तू. दोन बॅटऱ्या, चार्जिंगचा दिवा, कोणाच्या तरी पोराची बोलती बाहुली, वाडीतल्या जयंतीच्या मंडपातला एक मुका स्पीकर. दुकानाच्या मागच्या खोलीत तिनं टेबल रिकामं करून घेतलं. तिच्या घरी वीज होती, पण तिथल्या प्लगला अर्थिंग नव्हतं. वाडीत कुणाच्याच घरी धड नव्हतं. दुकानात झेरॉक्सच्या मशीनसाठी अण्णांनी परसात खड्डा करून पट्टी पुरून घेतली होती आणि माती वाळली की ते तिच्यावर मिठाचं पाणी ओतायचे. उन्हाळ्यात गल्लीला टँकर यायचा तेव्हाही ओतायचे. शेजारचे म्हणायचे, "अण्णा, जमिनीला पाजायलाव का? आमाला तरी पाजा."

पहिलं हत्यार अण्णांचंच होतं, साधं सोल्डरिंग आयर्न, तापल्या टोकानं कथलाची तार वितळवून भाग जोडायचं, म्हणजे डाग द्यायचं. प्लगात घातलं की तापत जायचं, कुठं थांबायचं हे त्याला ठाऊक नाही. सकाळी गावात कमी पंखे चालू असतात, विजेचा दाब भरपूर, तेव्हा ते इतकं तापायचं की सर्किटच्या पाटीवरची तांब्याची पट्टी कांद्याच्या पापुद्र्यासारखी उचलून यायची. संध्याकाळी सगळे कूलर लागले की दाब पडायचा आणि डाग द्यायची तार वितळायच्या ऐवजी भिजल्या पिठासारखी लिबलिबीत व्हायची. डाग बसला असं वाटायचं आणि बोट लावलं की निघायचा. आत्या वेळ बघून काम करायला शिकली होती. सकाळी जाड तारा, संध्याकाळी काहीच नाही.

मग मी तिच्यासाठी रेडिओचं किट मागवलं. सुटे भाग आणि एक हिरवी पाटी, सगळं जोडलं की एफएम लागतो. तीन दिवस तिनं रंगीत पट्ट्यांचे रोधक एकेक ओळखून पत्रकांच्या पाठीवर चिकटपट्टीनं लावले. चौथ्या सकाळी पहिला मोठा भाग जोडताना पट्टी उचलली. दुसरीकडे जोडायला गेली, तिथलीही उचलली.

"पोरी, हात चुकला का लोखंड?"

"लोखंड."

"मला बरं वाटावं म्हून म्हनतीस?"

"नाही. खरंच लोखंड."

"मंग चांगलं लोखंड बगू," ती म्हणाली. आणि त्याच दमात, पाटी पत्रकात गुंडाळता गुंडाळता, "आन यंदा मी तोडीला न्हाई जायाची. हे शिकायचंय मला."

झालं. त्या एका वाक्यावर सगळा पावसाळा गेला.

आमच्या भागात हंगामाला न जाण्याची कारणं ठरलेली आहेत. बाळंतपण, म्हातारपण, आजार, पोरांची शाळा. शरीर मोडलं तर राहता येतं, दुसऱ्या कुणासाठी राहता येतं. आत्याचं शरीर शाबूत होतं. खांदा दुखायचा, पण सगळ्यांचाच दुखतो. गणेश वाईट मुलगा नाही. तो दुकानात येऊन स्टुलावर बसला आणि अजिजीनं म्हणाला, "आई, राहा ना तू. मी कुठं ओढून न्यायलो? पण कारण दे मला येखादं. लोक म्हनतेल, पोरगं आईला टाकून गेलं. काय सांगू त्यांना? आई रेडिओ खेळायली म्हनू का?"

"सांग की तसंच."

"लई हौस आली का गं तुला?"

हौस. आमच्याकडे हा शब्द बाईला टोचायलाच वापरतात. नवी साडी घेतली, हौस आली का? दोनदा चहा केला, हौस आली का? ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांची आवड म्हणजे छंद आणि ज्यांच्याकडे नाही त्यांची आवड म्हणजे थेर. यावर मला एक अख्खं पत्रक लिहिता येईल आणि मी लिहिणार आहे. पण त्या पावसाळ्यात माझ्यापुढे अधिक साधं काम होतं. चांगलं लोखंड निवडायचं होतं.

मी मोबाईलवर बघायला सुरुवात केली. आत्या शेजारी बसून शेंगा फोडायची. व्हिडिओ करणारी पोरं झपाझप बोलत, पेट्या उघडत, आणि शेवटी एकच गोष्ट सांगत. धंदा करणाऱ्यांनी हे महागडं घ्या, नुसती हौस असेल तर हे स्वस्तातलं चालून जाईल. चालून जाईल! मला हे तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. धंदेवाल्याचं एक हत्यार बिघडलं तर तो दुसरं उचलतो, संध्याकाळपर्यंत भरपाई होते. हौस करणारा गरीब असेल तर त्याला एकच संधी मिळते. पहिल्या हत्यारानं दगा दिला तर तो हत्याराला दोष देत नाही, स्वतःच्या हाताला देतो आणि सोडून देतो. म्हणून हौसेचं हत्यार स्वस्त तर हवंच, पण धंद्याच्या हत्यारापेक्षा अधिक भरवशाचं हवं. ही चैन झाली असं कुणी म्हणत असेल तर त्यानं सकाळच्या दाबावर एकदा डाग देऊन बघावा.

निवडताना आम्ही बरंच काही बाजूला सारलं. आकडे दाखवणाऱ्या पेट्या मला आधी फार आवडल्या होत्या. चकाकता पडदा, त्यावर तीनशे वीस, तीनशे पन्नास. पण आकडा दाखवणं वेगळं आणि उष्णता राखणं वेगळं. गावोगावी योजनांच्या पाट्यांवर आकडे असतात आणि नळ कोरडे असतात, हे आम्हाला वेगळं शिकवावं लागत नाही. मोबाईलच्या चार्जरवर चालणारी बारीक, पेनासारखी आयर्नंही होती. वीज गेली तरी पॉवर बँकेवर चालतील म्हणून मन तिकडे ओढायचं. पण त्यांची टोकं वेगळ्या जातीची. टोक गेलं की पुन्हा ऑनलाइन मागवा, पार्सलची वाट बघा, आणि पार्सलवाला आमच्याकडे 'ग्राहक उपलब्ध नाही' लिहून परस्पर परत जातो. हवेच्या झोतानं भाग काढणारी जोडमशीनं मोबाईल दुरुस्तीवाल्यांची. त्यांच्याशी आमचं काम नव्हतं.

शेवटी ठरलं ते साधंच. उष्णता ठरवायला कळ असावी. दांडीच्या आत उष्णता मोजणारा भाग असावा, म्हणजे विजेचा दाब वर-खाली झाला तरी टोक आपल्या जागी राहील. आत खरा ट्रान्सफॉर्मर असावा, टोकाला अर्थिंग असावं. आणि टोक असं असावं जे बीडला कुठल्याही मोबाईलच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळेल. ही शेवटची अट मी सर्वांत वर लिहिली होती. वस्तू किती चांगली आहे हे ती बिघडल्यावर कळतं, आणि बिघडल्यावर आपण शिरूरमध्येच असतो.

श्रावणात आम्ही दोघी एसटीनं बीडला गेलो. बसस्टँडमागच्या गल्लीत एक दुकान आहे, आत इतके डबे की मालकाला वाकडं होऊनच चालावं लागतं. त्यानं माझ्याकडे बघून विचारलं, "दुकान कुठंय ताई तुमचं?"

"झेरॉक्सचं आहे. पण हे दुकानासाठी नाही."

"मंग कोर्स लावला का?"

"हे ह्यांच्यासाठी," मी आत्याकडे बोट केलं.

त्यानं आत्याच्या डोक्यावरच्या पदराकडे पाहिलं. "मावशी, योजना आली का एखादी? बचत गटाची?"

"न्हाई बाबा."

"मंग?"

"हौस हाय."

काउंटरला टेकून एक दुरुस्तीवाला पोरगा चहा पीत होता. तो फुस्सकन हसला. "मावशी, मोबाईल रिपेरिंग करताव का आता?"

"मोबाईल तुमचं तुमीच बिगडवा, तुमीच करा," आत्या म्हणाली. "मी रेडिओ करती."

मालक मग खुलला. त्यानं तीन पेट्या काढून ठेवल्या. मी प्रश्नांची यादी सुरू केली आणि तो प्रत्येकाला "व्हय, हाय ना" म्हणत गेला, म्हणून मी म्हटलं, लावून दाखवा. तापू द्या, मग ही जाड तार जोडून दाखवा. जाड तार टोकाची उष्णता ओढून घेते. वाईट पेटीचं टोक तिथंच गार पडतं. एका पेटीचं पडलंच. मालक म्हणाला, "ती ठिवून द्या, ती शोची हाय." उरलेल्या दोन आत्यानं एकेका हातात धरल्या. एक पोकळ हलकी, एक जड. आत खरा ट्रान्सफॉर्मर असला की वजन लपत नाही. मग तिनं दांडीची तार बोटाभोवती वळवून बघितली. हलक्या पेटीची तार ताठ होती, वळवली की परत ओढायची. जडवालीची दोरीसारखी मऊ.

"ही घेऊ," ती म्हणाली. "ती दुसरी हाताला वडती. खांद्याला वडायला एक तोड हाय की."

येताना एसटीत पेटी तिच्या मांडीवर होती. कंडक्टर म्हणाला, "डब्बा खाली ठिवा मावशी." तिनं ठेवला नाही.

पहिल्या आठवड्यात ती फक्त डाग देत होती. नव्या पाटीवर नाही, जुन्या मेलेल्या पाट्यांवर. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. सगळीकडे तोच डाग, चकचकीत, डोंगरासारखा वर निमुळता. "आता येळ बगायची गरज न्हाई," ती म्हणाली आणि संध्याकाळी काम करता येतंय म्हणून संध्याकाळी मुद्दाम आली.

मग भाद्रपदात टोकाला काहीतरी झालं. ते काळं पडायला लागलं. एका बाजूला वितळलेली तार धरायची, दुसरीकडून पाऱ्याच्या थेंबासारखी घरंगळायची. जवळून बघितलं तर कीड लागल्यासारखा बारीक खड्डा. मी चिडले. माल बनावट असणार, मालकानं बदलून दिला असणार. बीडला जाऊन त्याला ग्राहक मंचाची भाषा ऐकवायची असं ठरवून मी मनात मजकूर जुळवू लागले. त्याच संध्याकाळी दिवेलागणीला मी मागच्या खोलीत गेले, तर आत्या उकिडवी बसलेली. टोक गुडघ्यांत धरलेलं आणि कानशीनं ती ते घासत होती. एका लयीत, टोक जरासं तिरपं करून, चार फटकारे इकडून, चार तिकडून.

"आत्या! काय करायलीस?"

"धार लावायली."

मी हातातून टोक काढून घेतलं. साध्या आयर्नचं टोक नुसतं तांब्याचं असतं, ते घासून साफ करायचीच रीत. स्टेशनच्या टोकाला तांब्यावर लोखंडाचा पातळ मुलामा असतो. तो गेला की आतलं तांबं डागाच्या तारेत विरघळून जातं, म्हणून तो खड्डा. मी हे सगळं सांगितलं. तिनं ऐकलं. मग आपल्या हाताकडे बघून म्हणाली, "मला कळलंच न्हाई मी घासायले म्हून. सांच्याला तोडीवरनं आलं की कोयत्याला धार लावायची. एवढी वर्सं लावली. सांज झाली की हात हुडकतो काय तरी."

कोपीवर चूल पेटायच्या आधी सगळ्या रांगेतून कानशींचा आवाज येतो, हे मी ऐकलेलं आहे. लहानपणी एका सुट्टीत मी तिच्याकडे गेले होते. बायका, पुरुष, पोरं, सगळी गुडघ्यात कोयता धरून बसलेली. तो आवाज थांबला की भाकरी. कारखान्याच्या नोंदीत तोडलेला ऊस टनांनी असतो, पण हे धार लावणं कुठल्याच कामात धरलेलं नसतं. ते कामगाराचं स्वतःच्या वेळातलं काम. आत्या हंगाम सोडायला निघाली होती, पण हंगाम तिच्या मनगटात बसलेला होता आणि संध्याकाळ झाली की आपण होऊन हलायचा.

नवं टोक बीडला मिळालं, त्याच दुकानात, दोन चहांच्या भावात. सर्वांत वर लिहिलेली अट उपयोगी पडली. सोबत पितळी तारेचा एक घोसही आणला, काथ्यासारखा, टोक त्यात खुपसून पुसायचं. आत्या आता दिवेलागणीला टोक त्या घोसात फिरवते, मग त्याला ताज्या तारेचा लेप देते आणि बंद करते. घासण्याएवढाच वेळ घेते, मी पाहिलं आहे.

अण्णांच्या जुन्या पत्रकांत एक मागणी कायम असायची. आठ तास काम, आठ तास झोप आणि उरलेले आठ तास माणसाचे स्वतःचे. मोर्चात मी ती ओरडून म्हटलेली आहे. पण त्या तिसऱ्या आठ तासांत माणूस काय करणार, हे आम्ही कोणीच कधी कोणाला विचारलं नव्हतं. आमच्या मनात बहुधा सभा होती. वाचन, संघटना, आणखी पत्रकं. आत्यानं ते आठ तास घेतले आणि त्यात रेडिओ घेऊन बसली, तेव्हा अण्णांसारखा माणूसही गडबडला. ते म्हणाले, "कौसे, तू चार बायकांना शिकव. आपण केंद्र काढू." मी तर मसुदाच केला. ऊसतोड महिला इलेक्ट्रॉनिक्स प्रशिक्षण केंद्र. उद्देश, अपेक्षित लाभार्थी, सगळं. गणेशही खूश झाला, त्याला लोकांना सांगायला कारण मिळालं होतं.

आत्यानं मसुदा ऐकला. "मला केंद्रात कशाला घालतीस गं?"

"म्हणजे तुला राहता येईल. कोणी बोलणार नाही."

"शिकवायचं म्हनलं की हजेरी आली. हजेरी आली की मुकादम आला. तू हुशील का मुकादम?" ती हसत होती, पण मसुदा तिनं माझ्याकडे सरकवला. "मला जुळवायचंय. झालंच तर वाजवायचंय. न्हाई वाजलं तर परत जुळवायचंय. एवढंच हाय. ह्याच्यात दुसऱ्याचं काय बी घालू नको."

मसुदा मी फाडला नाही. तसं केंद्र निघायलाच हवं आणि ते मी काढीन. पण ते तिच्या टेबलावर निघणार नाही, इतकं त्या दिवशी पक्कं झालं.

मग दसरा झाला. गठ्ठे यायला लागले. गणेशच्या टोळीचा मुकादम दुकानात आला, तरुण माणूस, गळ्यात इअरफोन लोंबणारे. कार्डं काउंटरवर ठेवून त्यानं मागच्या खोलीकडे मान वळवली. आत्या तिथं पाटीवर वाकलेली होती. गणेश दारात उभा होता.

"मावशी, तुमचं कार्ड ऱ्हायलंय."

"द्यायचं न्हाई यंदा."

"आईचा खांदा..." गणेश घाईनं म्हणाला.

"खांदा बरा हाय माजा," आत्या म्हणाली. तिनं दांडी स्टँडमध्ये ठेवली, कळ कमी केली.

"मंग कावून न्हाई यायच्या?"

"रेडिओ जुळवायलेय."

मुकादमानं माझ्याकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं. आमच्या घरातून काहीतरी मोठं कारण येणार असं त्याला वाटलं असावं. येतंच नेहमी. "त्याचे पैसे मिळतेत का काही?"

"न्हाई."

"शिकवनार हाव का कुनाला?"

"न्हाई."

"मंग?"

"मंग काय? एवढंच हाय."

माझ्या जिभेवर चार वाक्यं तयार होती आणि चारही चांगली होती. अण्णा झाकण उघडून कार्ड घालत होते, ते तसेच उघड्या झाकणाशी उभे. बोलला तो गणेश. मुकादमाला म्हणाला, "राहू द्या की आता. ती न्हाई म्हनायली ना. आमी दोघं हाव की." त्याचे कान लाल झाले होते. बाहेर जाताना लोक त्याला विचारणार होतेच. पण त्यानं आईला पुन्हा कारण विचारलं नाही. मुकादम मान हलवत म्हणाला, "काय बी येकेकाचं." आणि झेरॉक्स मोजून घेऊन गेला.

हे मी विजय म्हणून लिहीत नाही. पुढच्या वर्षी आत्या गेली. सून कोपीवर बाळंत होणार होती, जावंच लागलं. त्यानंतर राहिली. यंदा अजून तिनं काही सांगितलेलं नाही. आणि त्या वर्षीचा रेडिओ वाजला का, असं मला लोक विचारतात, तर पौषापर्यंत तो नुसता खरखरत होता. खरखरीत मधेच एखादा शब्द यायचा, बाजारभाव किंवा गाण्याची अर्धी ओळ, आणि जायचा. आत्याला त्याची घाई नव्हती.

त्या पौषात, संक्रांतीच्या आसपास, बीडहून आणलेला एक सुटा भाग द्यायला मी तिच्या वाडीला गेले. निम्म्या घरांना कुलपं होती. ऊन कोवळं होतं, मधूनच गार वारा यायचा. आत्या घरात नव्हती. मागच्या बाजूला बोरीच्या झाडाखाली उभी होती, वर बघत. झाड बोरांनी लगडलेलं, काही पिवळी, काही तांबूस.

"काय बघतेस?"

"ही बोर मीच लावली," ती म्हणाली. "गणेश रांगत होता तवा. चैतात आमी यायचाव तर नुसते काटे आन पानं. बोरं कवाच सरलेली असायची. मागं ऱ्हायलेली पोरं खाऊन टाकायची. बगितलीच न्हाईत मी कवा झाडाला."

तिनं पदर सावरला, काटे चुकवत हात घातला आणि एक पिवळं बोर तोडलं. तोंडात टाकलं. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिचे डोळे बारीक झाले.

"आंबट हाय," ती म्हणाली आणि दुसरं तोडलं.